इंकजेट प्रिंटरवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो छापताय? या चुका टाळा

पुण्यतिथी जवळ आली की आजोबांचा जुना फोटो कपाटातून बाहेर निघतो. घरात प्रिंटर असतोच, मग स्कॅन करून मोठा काढायचं ठरतं. प्रिंट हाती येते आणि पांढरा फेटा हिरवट दिसतो, अंगातला कोट म्हणजे नुसता काळा डाग. वेरूळला जाऊन हौसेने काढलेल्या फोटोंचंही तेच होतं. मग प्रिंटर बदलायच्या गोष्टी सुरू होतात. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. फोटो स्कॅन होण्यापासून फ्रेममध्ये जाईपर्यंत काही ठरावीक जागी गडबड होते, त्या जागा आधी तपासा.

फक्त 'ग्रेस्केल'वर टिक करून प्रिंट देणं

साध्या चार टाक्यांच्या प्रिंटरमध्ये राखाडी शाई नसते. काळी सोडली तर सायन (आकाशी निळी), मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळी एवढंच त्याच्याकडे असतं. मधल्या सगळ्या राखाडी छटा तो या रंगांचे बारीक थेंब शेजारी शेजारी टाकून तयार करतो. तिघांचं प्रमाण जरा हललं की राखाडीवर हिरवी किंवा जांभळी झाक येते. रंगीत फोटोत ती खपून जाते, काळ्या-पांढऱ्यात लगेच डोळ्यात भरते. सहा टाक्यांच्या प्रिंटरमध्ये बहुधा फिका सायन आणि फिका मॅजेंटा वाढतो. त्याने उजळ भाग मऊ येतो, पण राखाडी शाईची उणीव राहतेच.

काही ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये, फक्त काळी शाई वापरायचा पर्याय असतो. त्याने झाक जाते, पण गालावर, कपाळावर काळे ठिपके दिसायला लागतात. दोन्ही पद्धतींनी एकेक छोटा तुकडा काढा आणि हातभर अंतरावरून बघून ठरवा.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. बऱ्याच इंकटँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची (बारीक कणांची) असते, ती मजकुरासाठी, आणि बाकीच्या रंगांची डायची (विरघळलेल्या रंगाची). सेटिंगमध्ये ग्लॉसी फोटो पेपर निवडला की असा प्रिंटर काळी शाई बाजूला ठेवतो आणि तीन रंग मिसळून काळं करतो. म्हणून काळं फिकं आणि तपकिरी येतं. काळी शाई वापरली जावी म्हणून काही जण ग्लॉसी कागद घालून सेटिंगमध्ये 'प्लेन पेपर' निवडतात. तसं करू नका. ती काळी शाई ग्लॉसी कागदात मुरत नाही, बोट फिरवलं की पुसून येते. अशा प्रिंटरवर फोटोला मुद्दाम थोडी उबदार, तपकिरीकडे झुकणारी छटा द्यावी, हे माझं ठाम मत आहे. हलकी झाक त्यात लपते आणि जुन्या फोटोला ती शोभतेही. काळ्या-पांढऱ्याचं काम नेहमीचं असेल तरच राखाडी शाई असलेला प्रिंटर घ्या. एप्सनच्या फोटोसाठीच्या काही मॉडेलांत 'अॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट' नावाचा वेगळा मोड मिळतो, तो खरोखर कामाचा आहे.

झाक तपासायची ती प्रिंट जिथे लावणार त्याच उजेडात. एकच प्रिंट ट्यूबलाइटखाली हिरवट, ओसरीतल्या उजेडात ठीक आणि पिवळ्या बल्बखाली लालसर दिसू शकते.

सावल्या बुडवणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. कैलास लेणं, म्हणजे वेरूळचं १६ क्रमांकाचं, काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेलं आहे. दुपारी अंगणात लख्ख ऊन आणि खांबांमागे गडद सावली. स्क्रीनवर त्या सावलीत मूर्तीचा हात, मुकुट, छिन्नीचे घाव सगळं दिसतं. कागदावर मात्र काळी भिंत उरते. आजीच्या काळ्या इरकलीच्या निऱ्यांचंही असंच होतं.

पहिलं कारण स्क्रीनच. ती गरजेपेक्षा फार उजळ ठेवलेली असते. शेजारी कोरा पांढरा कागद धरा, स्क्रीनवर कोरं पान उघडा आणि दोन्ही सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. फोटोवरचं काम त्यानंतर.

दुसरा उपाय पट्टीचा. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच-पाच टक्क्यांनी गडद होत जाणारे २१ चौकोन बनवा आणि ज्या कागदावर फोटो काढायचाय त्याच कागदावर, त्याच सेटिंगने छापा. वाळू द्या, मग दिवसा खिडकीजवळ नेऊन काळ्या टोकाकडून बघत या. ९०, ९५ आणि १०० हे तीन चौकोन एकच दिसत असतील, तर फोटोतला तेवढा सगळा भाग तुमच्या कागदावर एकसारखा काळा येणार. फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या 'कर्व्ह'मध्ये, म्हणजे उजळ-गडद बदलायच्या रेषेत, सावलीकडचा भाग थोडा वर उचला, पट्टी पुन्हा काढा. चौकोन सुटे दिसायला लागले की तो कर्व्ह कागदाच्या नावाने सेव्ह करून ठेवा. कागद किंवा शाई बदलली तर हे काम नव्याने करायचं. एवढी एक पट्टी काढायचा कंटाळा करू नका, महागडा कागद वाया जाण्यापेक्षा ती फार स्वस्त पडते.

पांढऱ्या टोकालाही बघा. बीबी का मकबऱ्याचा घुमट किंवा आजोबांचा फेटा अगदी शून्यावर गेला, तर तिथे शाईच पडत नाही. कोरा कागद उघडा राहतो आणि भोक पडल्यासारखं वाटतं. तिथे दोन-तीन टक्के छटा राहू द्या.

रंगीत फोटोचा रंग सरसकट काढून टाकणं

'डीसॅच्युरेट' दाबलं की लाल फेटा आणि हिरवं पान एकाच राखाडीत जातात. त्याऐवजी 'ब्लॅक अँड व्हाइट' अॅडजस्टमेंट वापरा, त्यात प्रत्येक रंगाची पट्टी वेगळी सरकवता येते. पैठणच्या नाथषष्ठीचा फोटो असेल तर निळा खाली ओढा, केशरी थोडा वर. आभाळ गडद होतं आणि पताका त्यावर उठून येतात.

जुना फोटो लहान असेल तर स्कॅन मोठा करा. अडीच इंचाची बाजू १२०० डीपीआयने (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन केली की ३००० पिक्सेल मिळतात, म्हणजे ३०० पीपीआयला (छापताना इंचाला ३०० पिक्सेल) दहा इंच. पुण्याच्या काकांनी मोबाइलवर काढून पाठवलेला फोटो असेल, तर तो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, साधा पाठवला की आकार घटतो.

रंगाचा ताबा एकाकडेच द्या. सॉफ्टवेअरमध्ये कागद-शाईची कलर प्रोफाइल (रंग कसे छापायचे ते सांगणारी फाइल) निवडली असेल तर ड्रायव्हरमधलं कलर करेक्शन बंद करा. दोन्ही चालू राहिलं की छटा हमखास बिघडते. कागदाची कोटिंगची बाजू कळत नसेल तर कोपऱ्याला ओलं बोट लावा, चिकटते ती छापायची.

उन्हाळा आणि लोडशेडिंग विसरणं

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि हवा कोरडी. वापर नसलेल्या प्रिंटरच्या नोझलमध्ये, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांत, शाई सुकते. एक रंग जरी तुटक आला तरी राखाडी बिघडते, म्हणून फोटो छापण्याआधी नोझल चेक काढायचाच. रेघा तुटक असतील तर एक-दोनदा हेड क्लिनिंग (नोझल असलेल्या भागाची सफाई) करा, तेवढ्याने नाही सुटलं तर प्रिंटर काही तास तसाच ठेवून पुन्हा बघा. क्लिनिंगचा सपाटा लावला की शाई वाया जाते आणि वाया गेलेली शाई शोषणारा आतला वेस्ट पॅड भरतो. आठवड्यातून एक रंगीत पान काढत जा. प्रिंटर बंद करायचा तो त्याच्या बटणाने, भिंतीवरच्या स्विचने नाही. बटणाने बंद केला की हेड आपल्या जागी जाऊन झाकलं जातं. छापता छापता लाइट गेली तर ते उघडंच राहतं, म्हणून घरात इन्व्हर्टर असेल तर प्रिंटर त्यावर घ्या.

प्रिंट निघाल्या निघाल्या फ्रेममध्ये घालू नका. एक दिवस सपाट ठेवून वाळू द्या, छटाही तेवढ्यात स्थिर होते. डायची शाई असेल तर थेट ऊन येणारी भिंत टाळा. फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) हवा, काच टेकली तर ओल्या हवेत फोटो तिला चिकटतो. फ्रेमवाल्याला हे आधीच सांगा, नाहीतर तो काच थेट फोटोवर दाबून मागून खिळे ठोकून देतो.