वर्गात मरळ मासा कसा शिकवावा

शिकारी माशाचा धडा बहुतेक वेळा दातांपासून सुरू होतो आणि दातांवरच संपतो. सहावी-सातवीच्या वर्गात मरळ शिकवायचा असेल, तर सुरुवात नावापासून करावी, असा माझा आग्रह आहे. सोलापुरात एकाच बाकावर मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी मुले बसतात. तेलुगू घरांत हाच मासा ‘कोर्रमीनु’ म्हणून ओळखला जातो आणि तो तेलंगणाचा राज्यमासा आहे, हे कळल्यावर एरवी गप्प बसणारे मूलही घरची हकीकत सांगू लागते.

बाजारातून एक लहान जिवंत मरळ आणावा. त्याशिवाय एक मरळ आणि एक रोहू विक्रेत्याकडूनच साफ करून घ्यावेत. डोकी आणि आतडी मात्र फेकू न देता वेगवेगळ्या पिशव्यांत, बर्फात ठेवून मागून घ्यावीत. ज्या मुलांच्या घरी मासे वर्ज्य आहेत, त्यांना जवळ येण्याची सक्ती करू नये. वेळेची नोंद ठेवण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे.

नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मगच काचेच्या टाकीत भरावे आणि टाकीवर जाळी टाकून तिच्यावर दगड ठेवावा. पहिल्या वर्षी मी नुसता पुठ्ठा झाकला होता. सकाळी वर्ग उघडला, तर मासा फळ्याखाली फरशीवर पडलेला, अंगाला धूळ लागलेली, आणि तरीही जिवंत. त्या दिवशी ठरवलेला धडा बाजूलाच राहिला. मरळाच्या कल्ल्यांच्या वर हवा साठवणारी पोकळी असते, तो पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, आणि त्याला वर येऊच दिले नाही तर तो पाण्यातही गुदमरतो. मासा केव्हा केव्हा वर येतो, ते मुलांनी अर्धा तास घड्याळ लावून टिपावे. विक्रेता मरळ थोड्याशा पाण्याच्या टबात जिवंत कसा ठेवू शकतो आणि तळे आटू लागले की हा मासा चिखलात कसा तग धरतो, याची उत्तरे मुले त्या नोंदींवरूनच काढतात.

त्यानंतर दोन्ही डोकी ताटात शेजारी ठेवावीत. मरळाच्या जबड्यात पेन्सिल फिरवली की दातांची खरखर हाताला कळते; रोहूच्या जबड्याला दात नाहीत, त्याचे ओठ जाड आणि झालरीसारखे असतात. खरी गंमत आतड्यांत आहे. सोलापुरात सुताला तोटा नाही, तेव्हा प्रत्येक गटाला सूत देऊन आतड्याची लांबी मोजायला आणि दोन्ही माशांचे दात व आतडे यांचे कोष्टक करायला सांगावे. वनस्पतींवर जगणाऱ्या रोहूचे वेटोळे सोडवता सोडवता सूत बाकाबाहेर जाते, तर मासे आणि बेडूक गिळणाऱ्या मरळाचे आतडे आखूडच निघते. हे कोष्टक मुलांनी स्वतः भरण्याआधी ‘मांसाहारी’ हा शब्द फळ्यावर लिहू नये.

हाच मासा पिलांच्या थव्यावर राखण करतो, हेही अवश्य सांगावे, नाहीतर मुलांच्या मनात तो केवळ खलनायक उरतो.

धडा संपल्यावर जिवंत मरळ सिद्धेश्वर तलावात किंवा कंबर तलावात सोडण्याचा मोह टाळावा, कारण तिथल्या लहान माशांवर नवा शिकारी लादण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो विक्रेत्याला परत द्यावा. ‘सर, आता ते त्याला कापणार का?’ असे कोणीतरी विचारतेच. त्याला ‘होय’ हेच उत्तर द्यावे.