स्वस्त आयातीचा फटका बसलेल्या कारखान्यात कामगार संघटनेने काय करावे

बाहेरचा माल इतका स्वस्त येऊ लागला आहे की आपल्याला टिकणे शक्य नाही, हे व्यवस्थापनाचे म्हणणे बहुधा वेतनकराराच्या तोंडावर ऐकू येते. अशा वेळी संघटना एक तर ते सरळ फेटाळते किंवा घाबरून जे पुढ्यात येईल त्यावर सही करते. दोन्हींत कामगारांचे नुकसान आहे, कारण म्हणणे खरे की खोटे हे कोणी तपासलेलेच नसते. आयातीचा तडाखा पुष्कळदा खरा असतो, आणि पुष्कळदा तो जुन्या यंत्रांवर, थकलेल्या कर्जावर किंवा दुसऱ्या धंद्यात वळवलेल्या पैशावर टाकलेले पांघरूणही असतो. म्हणून घोषणा ठरवण्याआधी मोजणी करावी.

मोजणीची सुरुवात मालाच्या सांकेतांकापासून होते. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात प्रत्येक मालाला एक सांकेतांक असतो आणि त्याचे पहिले सहा अंक जगातील बहुतेक सर्व देशांत सारखे असतात. आपल्या मालाचा सांकेतांक विक्री किंवा खरेदी विभागाच्या कागदांवर सापडतो. त्यावरून मागील चार-पाच वर्षांत किती माल आला, कोणत्या देशातून आला आणि सरासरी कोणत्या भावाने आला, हे सरकारी आकडेवारीतून काढावे. आकडे नगांत किंवा टनांत घ्यावेत, केवळ किमतीत घेऊ नयेत. भाव निम्मा झाला आणि नग दुप्पट झाले तर किमतीचा आकडा तिथल्या तिथेच दिसतो आणि पूर आलेला कळतही नाही. एकाच सांकेतांकाखाली कधीकधी दहा प्रकारचा माल मोडतो, तेव्हा आपल्या मालाशी खरोखर टक्कर देणारा त्यातला कोणता, हे आपल्या कारखान्यातल्या जाणत्या माणसांना विचारूनच ठरवावे.

त्या आकड्यांशेजारी आपल्या कारखान्याचे उत्पादन, विक्री आणि गोदामातला पडून राहिलेला माल महिन्यावार मांडावा. आयात तिसऱ्या वर्षी वाढली आणि ऑर्डरी मात्र पहिल्या वर्षापासूनच घटत असतील, तर कारण दुसरीकडे शोधायला हवे. संघटनेला हे कटू वाटले तरी ते आधी आपल्यालाच कळलेले बरे, कारण पुढे आयातीवर जादा शुल्क मागितले तर चौकशी अधिकारी नेमका हाच प्रश्न विचारतो.

यानंतर खर्चाची फोड मागावी. व्यवस्थापन पगार कमी करा म्हणत असेल, तर पगाराचा वाटा किती हे दाखवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. उदाहरणादाखल एका नगाचा खर्च 100 धरू: कच्चा माल 56, मजुरी 12, वीज व इंधन 10, व्याज व घसारा 9, साचे व दुरुस्ती 5, वाहतूक व किरकोळ 8. आयात नग सर्व शुल्क भरून 78 ला पडतो असे समजा. आता सगळ्या कामगारांनी फुकट काम केले तरी आपला नग 88 ला पडणार, म्हणजे बाहेरच्यापेक्षा 10 ने महागच. पगारात वीस टक्के कपात केली तर खर्च 2.4 ने उतरतो. हा हिशेब वाटाघाटीच्या टेबलावर ठेवला की चर्चा पगारावरून कच्च्या मालाच्या खरेदीकडे, विजेकडे आणि व्याजाकडे वळते, आणि ती तिकडेच वळायला हवी. शिवणकामासारख्या ज्या धंद्यांत मजुरीचा वाटा बराच मोठा असतो, तिथे मात्र हा युक्तिवाद चालत नाही. तिथे वेगळ्या प्रतीचा माल, लहान ऑर्डरी किंवा लवकर पुरवठा यांतच वाट शोधावी लागते, आणि संघटनेने तसे सभासदांना स्पष्ट सांगावे.

आयात मालाचा एक नग विकत आणून तो उघडून पाहणे हे काम फार थोड्या संघटना करतात. समजा माल कुलपाचा आहे. दोन्ही कुलपे वजनकाट्यावर ठेवा. मग अंगावर कानस फिरवा: पितळ आतपर्यंत पिवळे निघते, आणि जस्ताच्या मिश्रधातूवर नुसता मुलामा असेल तर दोन-चार घासांत खालून करडा पांढरट रंग डोकावतो. पिना मोजा, स्प्रिंग कशाची आहे ते पाहा. इतके झाले की स्वस्ताई मजुरीत आहे, धातूत आहे की कमी केलेल्या पिनांत आहे, हे फिटर आणि साचेवाले कामगार तासाभरात सांगू शकतात. धातूच हलका असेल तर झगडा पगाराचा नाही. गुणवत्तेचे मानक सक्तीचे करावे, ही मागणी तिथे अधिक नेमकी ठरते. आणि कधी उलटही दिसते, की बाहेरचा नग आपल्यापेक्षा सफाईदार आहे. तेही लिहून ठेवावे.

आता कायदेशीर उपायांकडे वळू. माल स्वस्त असणे हा स्वतः गुन्हा नाही. निर्यातदार स्वतःच्या देशात ज्या भावाने विकतो त्याहून कमी भावाने बाहेर विकत असेल, तर त्याला डम्पिंग म्हणतात. दोन्ही भाव कारखान्याच्या दारातले धरतात. घरचा भाव 100 आणि निर्यातीचा 80 असेल तर फरक 20, आणि तो निर्यातीच्या भावावर मोजायचा, म्हणजे 25 टक्के. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार हा फरक 2 टक्क्यांहून कमी असेल तर चौकशी बंद होते. एका देशाचा माल एकूण आयातीच्या 3 टक्क्यांहून कमी असला तर तोही सामान्यतः वगळतात, मात्र असे छोटे देश मिळून 7 टक्क्यांवर गेले तर वगळत नाहीत. डम्पिंग झाले, देशी उद्योगाचे नुकसान झाले आणि ते नुकसान डम्पिंगमुळेच झाले, या तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. निर्यातदाराला त्याच्या सरकारचे अनुदान मिळत असेल तर वेगळे प्रतिशुल्क लावता येते. आयात अचानक उसळून गंभीर हानी होत असेल तर कोणाचीही लबाडी सिद्ध न करता संरक्षक उपाय मागता येतात; त्यांची मुदत सुरुवातीला जास्तीत जास्त 4 वर्षे असते.

डम्पिंगविरोधी शुल्काच्या अर्जाला देशी उत्पादकांचा पाठिंबा लागतो: मत नोंदवणाऱ्या उत्पादकांच्या एकत्रित उत्पादनापैकी निम्म्याहून अधिक बाजूने हवे आणि ते देशातील एकूण उत्पादनाच्या 25 टक्क्यांहून कमी नसावे. काही देशांत कामगार किंवा त्यांचे प्रतिनिधीही अर्ज करू शकतात किंवा त्याला पाठिंबा देऊ शकतात, याची नोंद जागतिक व्यापार संघटनेच्या डम्पिंगविरोधी करारातच आहे. आपल्या देशाच्या कायद्यात तशी सोय आहे का, हे वकिलाकडून आधी पाहून घ्यावे. नसली तरी नुकसानीच्या निकषांत रोजगार आणि वेतन यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि त्यांचा पुरावा संघटनेच्या कपाटात असतो: बंद झालेल्या पाळ्या, ओव्हरटाइमची घट, ले-ऑफच्या नोटिसा, न भरलेल्या जागा, काढलेले कंत्राटी कामगार. हे सर्व तारखेनिशी एका वहीत आजपासूनच लिहू लागावे. चौकशीला साधारण एक वर्ष आणि जास्तीत जास्त 18 महिने लागतात. तात्पुरते शुल्कसुद्धा चौकशी सुरू झाल्यापासून 60 दिवसांच्या आत लागत नाही. तोवर कारखाना कसा तगणार, याची तजवीज अर्जासोबतच करावी लागते.

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी: आपला मालकच तो माल आयात करून त्यावर आपला शिक्का मारून विकत नाही ना? गोदामात येणारी खोकी कोणती, हे माल उतरवणाऱ्यांना सर्वांत आधी कळते. असा उत्पादक देशी उद्योगाच्या व्याख्येतून वगळला जाऊ शकतो, आणि तो अर्जाला साथ देईल अशी आशाही धरू नये. अमेरिकेत एप्रिल 2009 मध्ये चिनी टायरांविरुद्ध अर्ज केला तो युनायटेड स्टीलवर्कर्स या कामगार संघटनेने. एकही टायर कंपनी त्यात सामील झाली नाही. काहींचे स्वतःचे कारखाने चीनमध्ये होते. चीनच्या जागतिक व्यापार संघटनेतील प्रवेशाच्या अटींमधल्या खास तरतुदीखाली हा अर्ज होता. सप्टेंबर 2009 पासून तीन वर्षांसाठी अनुक्रमे 35, 30 आणि 25 टक्के जादा शुल्क लागले. चीनचा माल घटला, पण इतर देशांतून येणारे टायर वाढले. म्हणून अर्जाचा मसुदा करतानाच उद्या हाच माल कुठून येऊ शकेल, याचा अंदाज बांधून त्या देशांचे आकडेही गोळा करावेत.

आपला तयार माल हा दुसऱ्या कुणाचा कच्चा माल असेल, तर तिथल्या कामगारांशी आधी बोलावे. मार्च 2002 मध्ये अमेरिकेने पोलादावर 30 टक्क्यांपर्यंत शुल्क लावले, तेव्हा पोलाद वापरणाऱ्या उद्योगांनी कडाडून विरोध केला. जागतिक व्यापार संघटनेतही निकाल विरोधात गेला आणि डिसेंबर 2003 मध्ये ते शुल्क मागे घ्यावे लागले. एका कामगाराचे संरक्षण दुसऱ्याच्या पोटावर येत असेल, तर कोणते प्रकार शुल्कातून वगळायचे हे दोन्ही संघटनांनी बसून ठरवणे शक्य असते आणि ते आवश्यकही आहे.

माझ्या मते सर्वांत अधिक श्रम घ्यावेत ते व्यवस्थापनाबरोबरच्या करारावर. शुल्क मिळाले म्हणजे काही वर्षांची उसंत मिळाली. त्या उसंतीत नवी यंत्रे आली नाहीत आणि वाढलेला नफा लाभांशात गेला, तर मुदत संपताच आपण पुन्हा तिथेच उभे. म्हणून अर्जाला पाठिंबा देण्यापूर्वीच लेखी घ्यावे: कोणती यंत्रे, कोणत्या महिन्यापर्यंत, कोणत्या विभागात, त्या काळात कामगारकपात नाही, हिशेब दर तिमाहीला संघटनेसमोर. सवलत द्यावीच लागली तर तिला मुदत असावी, वरिष्ठांच्या पगारालाही तीच कात्री लागावी आणि नफा परतल्यावर सोडलेली रक्कम परत मिळण्याचे कलम असावे. 1979 मध्ये क्रायस्लर ही मोटार कंपनी बुडण्याच्या बेतात असताना युनायटेड ऑटो वर्कर्सने वेतनात मोठ्या सवलती दिल्या, पण मोबदल्यात संघटनेचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर 1980 मध्ये कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. कंपनीने सरकारी हमीची कर्जे 1983 मध्ये मुदतीआधी फेडली. प्रत्येक संघटनेच्या वाट्याला संचालकपद येणार नाही, तरी काहीही न घेता देणे टाळता येते.

इतके करूनही कारखाना बंद पडू शकतो, आणि सभासदांना हे आधीच सांगावे. पूर्वसूचनेचा कायदा पाहून ठेवावा. अमेरिकेत 1988 च्या कायद्याने मोठ्या मालकांना 60 दिवसांची सूचना द्यावी लागते, इतरत्र नियम वेगळे आहेत. थकीत वेतन, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिधीचा भरणा यांची माणसागणिक यादी करून प्रत्येकाची सही घ्यावी. यंत्रे आणि साचे यांचीही क्रमांकांसह यादी ठेवावी, कारण बंद होण्याच्या बेतातील कारखान्यातून ती रात्रीच्या पाळीत बाहेर पडतात. प्रशिक्षणाची सोय नोटीस येण्यापूर्वी, हातात पगार असतानाच मागावी.

डम्पिंगविरोधी शुल्क लागले तर ते सामान्यतः 5 वर्षांनी संपते, आणि मुदत संपण्यापूर्वी पुराव्यानिशी फेरआढाव्याची मागणी झाली नाही तर ते वाढत नाही. त्यामुळे शुल्क लागल्याच्या दिवशी पेढे वाटून झाले की पहिली पाळी, दुसरी पाळी, हजर किती, उत्पादन किती, अशी ती वही पुन्हा उघडावी आणि मुदतीची तारीख तिच्या पहिल्या पानावर लिहावी.