हरवलेल्या चित्राची रहस्यकादंबरी लिहिताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या खर्ड्यात चोर चित्राची गुंडाळी करतो आणि ती छत्रीत लपवून सगळ्यांदेखत बाहेर पडतो. प्रसंगावर मी भलताच खूश होतो. मित्राने वाचून एवढंच विचारलं, "चित्र काढलंय कशावर?" चार प्रकरणं आधी मीच लिहून ठेवलं होतं: लाकडी फळीवर.

तेव्हा आधी वस्तू पक्की करा. मोनालिसाही पॉप्लरच्या फळीवरच आहे, साधारण 77 × 53 सेंमी. ती गुंडाळता येत नाही. कॅनव्हास गुंडाळता येतो, पण जुना रंग तडकतो, त्याचे पापुद्रे सुटतात. 1990 मध्ये बोस्टनच्या गार्डनर संग्रहालयात चोरांनी रेम्ब्रांटची चित्रं चौकटीतून कापूनच काढली. अशा चोरीत मागे राहिलेली कापडाची कड गुप्तहेराला आयती सापडते.

दुसरी चूक म्हणजे चोर चित्र दुसऱ्याच दिवशी विकून मोकळा होतो. अहो, जगाला ठाऊक असलेलं चित्र उघडपणे घेणार कोण? पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून 21 ऑगस्ट 1911 रोजी मोनालिसा पळवणाऱ्या पेरूजियाने ती दोन वर्षांहून जास्त काळ स्वतःजवळ ठेवली. डिसेंबर 1913 मध्ये फ्लॉरेन्सच्या एका व्यापाऱ्याकडे गेला आणि पकडला गेला. खरी गोष्ट त्या मधल्या काळात आहे. शिवाय चोरी झाल्याचं लूव्रला थेट दुसऱ्या दिवशी कळलं. चित्र फोटोसाठी नेलं असेल, असा पहारेकऱ्यांचा समज होता. तेव्हा पहिल्याच पानावर घंटा वाजवायची गरज नाही.

खासगी गुप्तहेराला झडतीचा अधिकार नसतो, हे लेखक हटकून विसरतात. त्याला दार उघडून घ्यावं लागतं: गोड बोलून, थापा मारून, नाहीतर ओळख काढून. आणि अशील पोलिसांकडे का गेला नाही? "बदनामी नको" हे उत्तर मिळमिळीत आहे. त्याने तेच चित्र आधी गुपचूप गहाण टाकलं असेल, तर कथेला दात येतात.

तज्ज्ञाने एक नजर टाकून "नकली!" म्हणणं तर बंदच करा. त्याला चित्र उलटं करू द्या. पाठीवर जुनी लेबलं, शिक्के, खिळ्यांची भोकं असतात. खिळे गंजलेले, पण भोवतीच्या कापडावर गंजाचा डाग नाही, म्हणजे खिळे दुसरीकडून आणलेत. एवढ्यावर अख्खं प्रकरण उभं राहतं.

मध्येच कथा अडली तर वेगळ्या कागदावर प्रत्येक प्रकरणापुढे लिहा: चित्र आत्ता कुठे आहे, कोणाला ठाऊक आहे. जिथे पेन थांबेल, तिथेच गाठ आहे.

माझी छत्री मात्र मी सोडली नाही. आता चोर तिच्यात चित्राच्या पाठीवरून सोडवलेली लेबलं लपवतो.