कॅबिनेट उघडण्याआधी रॅम बघून घ्या

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात १४ डेस्कटॉप आहेत, सगळ्यांवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. जूनमध्ये शाळा उघडली की मी आधी एकेका मशीनसमोर बसते, रॅम, म्हणजे मशीनची कामापुरती मेमरी, तपासते आणि वहीत लिहून ठेवते. त्यासाठी स्क्रू ड्रायव्हर लागत नाही.

कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकदम दाबा, टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडेल. इंग्रजी छोट्या अक्षरांत ‘फ्री’ लिहा, एक जागा सोडा, मग वजाचिन्ह आणि त्याला चिकटून एच. एंटर. ‘मेम’च्या ओळीत ‘टोटल’खाली आलेला आकडा बघा. आमच्या ८ जीबीच्या मशीनवर तो ७.६ येतो. इथेच माणूस दचकतो, दुकानदाराने फसवलं असं वाटतं. तसं नसतं. थोडी रॅम बायोस (मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम), कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि मदरबोर्डवरचं ग्राफिक्स सुरुवातीलाच बाजूला काढून घेतात. उरते तेवढीच इथे दिसते. त्याच ओळीत ‘फ्री’खालचा आकडा लहान दिसला म्हणून रॅम संपली असंही समजू नका. लिनक्स रिकामी रॅम फायलींच्या कॅशसाठी, म्हणजे वाचलेल्या फायली हाताशी ठेवायला, वापरतो आणि गरज पडली की सोडतो. किती हाताशी आहे ते ‘अव्हेलेबल’ सांगतं.

घरी विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सिस्टिमइन्फो’ सलग लिहा आणि ‘टोटल फिजिकल मेमरी’ची ओळ शोधा.

पण मशीनमध्ये रॅमच्या स्टिक (पट्ट्या) किती, मदरबोर्डवरच्या कोणत्या स्लॉटमध्ये, हे ‘फ्री’ला विचारून उपयोग नाही. त्यासाठी ‘सुडो’ (sudo), जागा, ‘डीएमआयडीकोड’ (dmidecode) सलग, जागा, वजाचिन्ह-टी, जागा, ‘मेमरी’. पासवर्ड मागेल, टाइप करताना काहीच उमटत नाही, तरी तो जात असतो. मग स्लॉटवार यादी येते: साइझ, टाइप म्हणजे रॅमची पिढी, डीडीआर३ की डीडीआर४, आणि स्पीड. रिकाम्या स्लॉटपुढे ‘नो मॉड्यूल इन्स्टॉल्ड’ लिहिलेलं असतं. सगळ्यात वर ‘मॅक्सिमम कपॅसिटी’ दिसते. नवी रॅम आणायला जाताना टाइपची ओळ लिहून न्याच, कारण डीडीआर३च्या स्लॉटमध्ये डीडीआर४ बसतच नाही.

गेल्या वर्षी नववीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, या मशीनवर तीन पॉइंट सातच दाखवतंय.” वहीत त्या मशीनपुढे ८ लिहिलेलं, ४-४च्या दोन स्टिक. ‘डीएमआयडीकोड’ची कमांड दिली, तर एका स्लॉटपुढे ४ जीबी आणि दुसऱ्यापुढे ‘नो मॉड्यूल इन्स्टॉल्ड’. मशीन बंद केलं, वायर काढली, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला आणि मगच आत बघितलं. दुसरी स्टिक जागेवरच होती, पण सोनेरी पट्ट्यांवर काळपट थर चढलेला. तिच्याच कंपासपेटीतलं पांढरं खोडरबर घेतलं, दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने पुसलं, चुरा झटकला. खाच जुळवून स्टिक सरळ दाबली, तेव्हा दोन्ही टोकांच्या क्लिपा ‘टक्’ करून बसल्या.

मशीन चालू झाल्यावर ‘फ्री’ची कमांड तिनेच दिली. ७.६. वहीत तारीख घालून नोंदही तिच्याच हातची आहे.