जागतिक रँकिंग बघून विद्यापीठ ठरवताय? या चुका टाळा

परवा राजारामपुरीतल्या आमच्या घरी शेजारचे काका यादीचं प्रिंटआउट घेऊन आले. पुतणीला एमएसला परदेशी पाठवायचंय. एक विद्यापीठ १८० वर, दुसरं २१० वर. १८० वर पिवळा मार्कर मारलेला. "वरचंच धरायचं की!"

इथंच घोळ होतो. रँकिंगला आपण बोर्डाची मेरिट लिस्ट समजतो. बोर्डात पेपर सगळ्यांना एकच. इथं यादी काढणारा प्रत्येक जण पेपर स्वतःच्या मनानं काढतो. क्यूएस या ब्रिटिश कंपनीच्या जागतिक यादीत ३० टक्के गुण जगभरच्या प्राध्यापकांच्या मतांचे आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मतांचे. जवळजवळ निम्मे गुण नुसत्या नावाचे झाले! चीनमधून निघणाऱ्या शांघायच्या यादीत ३० टक्के नोबेल आणि फील्ड्स (गणितातलं मोठं) पदकांचे. ते नोबेलवाले सर पुतणीच्या वर्गावर येणार आहेत का? वर्गात शिकवतात कसं, हे यातलं काहीच सांगत नाही.

१८० आणि २१० मधलं अंतरही फसवं. शांघायवाले शंभराच्या पुढं नेमका नंबर देतच नाहीत, १०१-१५० असा गट देतात.

गेल्या वर्षीपेक्षा नंबर घसरला म्हणून घाबरू नका, आधी सूत्र बदललं का ते बघा. २०२३ मध्ये क्यूएसनं प्राध्यापकांच्या मताचं वजन ४० वरून ३० वर आणलं आणि शाश्वततेसारखे नवे निकष घातले.

यादीत नाव नाही म्हणजे टुकार, असंही नाही. पारदर्शकता नाही म्हणत सात जुन्या आयआयटी २०२० मध्ये टाइम्स हायर एज्युकेशन या ब्रिटिश नियतकालिकाच्या जागतिक यादीतून बाहेर राहिल्या. आणि करवीर दप्तरावर, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या जुन्या कागदांवर, मराठीत आयुष्यभर संशोधन केलेल्या माणसाची दखल यादीवाले शोधनिबंध मोजतात त्या इंग्रजीकडं झुकलेल्या डेटाबेसमध्ये कितीशी येणार?

शिवाय बरीचशी माहिती विद्यापीठंच भरून देतात. अमेरिकेतल्या देशांतर्गत यादीत दुसरं असलेलं कोलंबिया २०२२ मध्ये १८ वर आलं, कारण आकड्यांतल्या चुका तिथल्याच गणिताच्या प्राध्यापकानं दाखवून दिल्या होत्या.

काकांना म्हटलं, एकूण नंबर झाका. विषयवार यादी उघडा, मग विभागाच्या पानावर कोर्स कोण शिकवतं आणि मागच्या बॅचची मुलं कुठं लागली ते बघा. चहा निवेपर्यंत आम्ही दोन्ही विभागांची पानं चाळली. २१० वाल्याकडं पुतणीच्या विषयाचे पाच अध्यापक निघाले, १८० वाल्याकडं एक, तोही रजेवर.

काकांनी मार्करचं टोपण काढलं. "आता ह्यातली फी कुठं लिहिलीय ते दाखव."