आर्थर रसेल यांची गाणी कशी ऐकावीत आणि त्यांवर कसे लिहावे

गीतकार समलिंगी होता एवढे कळले की त्याच्या प्रत्येक ओळीत कबुलीजबाब शोधण्याची घाई होते आणि त्या घाईत गाणे निसटून जाते. अमेरिकी संगीतकार आर्थर रसेल यांच्या १९८६ सालच्या ‘वर्ल्ड ऑफ एको’ या आल्बमबाबत हा धोका विशेष आहे, कारण त्यात कबुली अशी फारशी नाहीच. आहे तो एक आवाज, एक चेलो (व्हायोलिनच्या कुळातले, गजाने वाजवायचे मोठे तंतुवाद्य) आणि त्या दोघांभोवती फिरत राहणारा प्रतिध्वनी. तरीही इतके जवळचे संगीत मी फार थोडे ऐकले आहे. हा आल्बम ऐकून त्यावर काही लिहू पाहणाऱ्यांसाठी पुढील सूचना आहेत.

पहिल्यांदा ऐकताना गाण्याचे शब्द समोर ठेवू नयेत. रात्रीची वेळ असावी, हेडफोन असावेत आणि आवाज बेताचा ठेवावा. रसेल ओळ ठासून म्हणत नाहीत. शब्दाचा शेवटचा स्वर लांबवत ते तो चेलोच्या सुरात असा सोडतात, की गळा कुठे थांबला आणि तार कुठे सुरू झाली हे चटकन कळत नाही. बोलआलापाची सवय असलेल्या मराठी कानाला ही रीत परकी वाटणार नाही. कॅलिफोर्नियात असताना रसेल यांनी उस्ताद अली अकबर खाँ यांच्या संगीत महाविद्यालयात शिक्षण घेतले होते, हेही लक्षात ठेवावे. मात्र तेवढ्यावरून या गाण्यांत राग शोधू नये.

दुसऱ्या खेपेला लक्ष गजाकडे द्यावे. गज तारेवर टेकतानाची खरखर, स्वर संपल्यावर मागे राहणारी आस, दोन ओळींमधला श्वास हे सारे या ध्वनिमुद्रणात जागच्या जागी आहे. गायक सभागृहात नसून आपल्या शेजारी बसून स्वतःशीच गुणगुणतो आहे, असे वाटते ते यामुळे. या संगीताची जवळीक कशात आहे, असे कोणी विचारले तर मी आधी या आवाजांकडे बोट दाखवीन, चरित्राकडे नंतर.

त्यानंतर एकाच गाण्याची दोन रूपे शेजारीशेजारी ठेवून ऐकावीत. ‘लेट्स गो स्विमिंग’ हे त्यासाठी उत्तम गाणे आहे, कारण १९८६ मध्येच ते नृत्यासाठीच्या बारा इंची तबकडीवर तालवाद्यांसह निघाले आणि या आल्बममध्ये मात्र ढोल काढून टाकलेल्या रूपात आले. ताल नाहीसा होऊनही शरीराची लय उरते, ती गजाच्या हालचालीत. हे एकदा कानाला उमगले, की रसेल यांचे बाकीचे आयुष्यही वेगळे दिसू लागते. आयोवा राज्यातील ऑस्कालूसा या छोट्या गावी १९५१ साली जन्मलेला हा माणूस १९७३ मध्ये न्यूयॉर्कला आला, ‘द किचन’ या प्रायोगिक कलाकेंद्राचा संगीत संचालक झाला आणि १९७८ मध्ये डिस्को डीजे निकी सियानो यांच्यासह ‘किस मी अगेन’ हे डिस्को गाणे घेऊन आला. शहरातील ज्या नृत्यगृहांत समलिंगी पुरुष निर्धास्तपणे एकत्र नाचत होते, त्यांच्याशी या संगीताचे नाते होते. म्हणून एकांतातला चेलो आणि गर्दीतला डिस्को यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारी मांडणी टाळावी.

समीक्षा वाचताना मजकुराची तारीख आधी पाहावी. प्रसिद्धीच्या वेळी हा आल्बम फारसा विकला गेला नाही. ४ एप्रिल १९९२ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, एड्समुळे उद्भवलेल्या आजारात रसेल गेले. त्यांची गाणी इतकी खासगी होती, की ते जणू आपल्या संगीतातच विरून गेले, अशा अर्थाचे वाक्य संगीत समीक्षक काइल गॅन यांनी ‘व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात लिहिले आणि ते पुढे असंख्य लेखांत उद्धृत झाले. वाक्य सुंदर आहे, पण ते उचलण्यापूर्वी थांबावे. रसेल मागे ध्वनिफितींचा प्रचंड साठा ठेवून गेले होते, आणि तो त्यांचे जोडीदार टॉम ली यांनी घरात जपून ठेवला. २००४ पासून ‘ऑडिका’ या ध्वनिमुद्रण कंपनीने ही ध्वनिमुद्रणे काढायला सुरुवात केली आणि समीक्षकांच्या नव्या पिढीने त्यांना डोक्यावर घेतले, ते या जपणुकीच्या बळावर. ‘विरून गेला’ असे लिहिणाऱ्याच्या लेखणीतून नकळत हा जोडीदारच पुसला जातो.

आता मराठीत लिहिण्याची खरी अडचण. इंग्रजी गाण्यातील ‘तू’ला लिंग नसते, मराठी क्रियापद मात्र ‘आलास’ की ‘आलीस’ हे लगेच विचारते. रसेल समलिंगी होते म्हणून प्रत्येक ‘तू’ पुरुषच ठरवणे आणि प्रेमगीत आहे म्हणून सवयीने स्त्री ठरवणे या दोन्ही चुका सारख्याच. ओळीचा आशय सांगताना ‘येशील’, ‘जाशील’, ‘ये’, ‘थांब’ अशी रूपे वापरावीत, कारण भविष्यकाळ आणि आज्ञार्थ येथे लिंग उघड करत नाहीत. गाणाऱ्याच्या तोंडी ‘मी गेलो’ऐवजी ‘मला जावेसे वाटले’ किंवा ‘मी तुला पाहिले’ घातले, की वाक्य मोकळे राहते. जिथे गाणे स्वतःच ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणते, तिथे मात्र ते जसेच्या तसे लिहावे, कुठेही सौम्य करू नये.

मसुदा पुरा झाल्यावर रसेल यांचे ‘आवर लास्ट नाइट टुगेदर’ हे गाणे लावावे आणि ते वाजत असताना आपला मजकूर मोठ्याने वाचावा. जे विशेषण त्या आवाजापेक्षा मोठ्याने बोलते आहे, ते खोडावे.