दोन फोनांत एक ठरत नाहीये? अशी करा समोरासमोर तुलना

दोन फोन मनात बसलेत, किंमत उन्नीस-बीस, घरात दोन तट पडलेत. अशा वेळी माणूस स्पेसिफिकेशनचा तक्ता उघडून बसतो आणि तासाभराने आधीपेक्षा जास्त गोंधळून उठतो. तक्ता वाचायचा, पण रोजच्या वापराचा विचार पुढे ठेवून. उदाहरणाला आयफोन १५ (सप्टेंबर २०२३) आणि सॅमसंग गॅलॅक्सी एस२४ (जानेवारी २०२४) घेऊ. मॉडेल जुनी झाली म्हणून बिघडत नाही. कुठला फरक खरा आणि कुठला नुसता कागदी, ते या जोडीत स्वच्छ दिसतं.

पायरी १ : आधी खोडाखोड

दोन्हींत सारख्या असलेल्या ओळी सरळ खोडा. दोन्ही १२८ जीबीपासून सुरू होतात, मेमरी कार्ड दोन्हींत बसत नाही, दोन्हींना यूएसबी-सी, वजन दोन्हींचं १७० ग्रॅमच्या आसपास. निम्मा तक्ता गेला. मग ज्या आकड्यांची तुलनाच होत नाही ते खोडा. सॅमसंग बॅटरीची क्षमता ४००० एमएएच सांगते, ॲपल बॅटरीचा आकडा सांगतच नाही. आणि सांगितला असता तरी दोघांची सिस्टिम वेगळी, त्यामुळे मोठा आकडा म्हणजे जास्त तास असं गणित जमत नाही. रॅमचंही तेच. बॅटरीचं खरं उत्तर हवं असेल, तर तो फोन वापरणारा ऑफिसातला कोणी गाठा आणि संध्याकाळी त्याच्या सेटिंगमधलं बॅटरीचं पान बघा.

आता हातात उरतात चार गोष्टी : स्क्रीन, झूम, सिम आणि अपडेट. अपडेटचं लगेच उरकू. एस२४ ला सॅमसंगने ७ वर्षांचं आश्वासन दिलंय, म्हणजे २०३१ पर्यंत. ॲपल जाहिरातीत असा आकडा मिरवत नाही, पण २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२४ चं आयओएस १८ (आयफोनची सिस्टिम) मिळालं होतं. तीन-चार वर्षांत फोन बदलणाऱ्याने हीही ओळ खोडावी.

पायरी २ : रिव्ह्यू कुठल्या देशातला?

हे कोणी बघत नाही. एस२४ भारतात एक्झिनॉस २४०० चिपवर आला, अमेरिकेत स्नॅपड्रॅगनवर. त्यामुळे अमेरिकन यूट्यूबरने बॅटरीचं आणि गेमिंगचं जे कौतुक केलंय, ते तुमच्या हाती येणाऱ्या फोनचं असेलच असं नाही. आयफोनची गंमत वेगळी. अमेरिकेतल्या आयफोन १५ ला सिमचा खण नाही, फक्त ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच असलेलं सिम. इथल्या मॉडेलमध्ये एक साधं सिम आणि ई-सिम चालतं. एस२४ मध्ये दोन साधी सिम बसतात. न्यू जर्सीचा भाचा ‘मामा, मी आणतो, स्वस्त पडेल’ म्हणाला, तर हो म्हणण्याआधी एवढं त्याला विचारा.

पायरी ३ : दोन्ही फोन एकाच काउंटरवर

कंपनीच्या चकचकीत शोरूममध्ये दुसऱ्याचा फोन नसतो. म्हणून दोन्ही ब्रँड ठेवणाऱ्या दुकानात जा, तेही दुपारी; संध्याकाळी दादरला किंवा ठाणे स्टेशनबाहेर सेल्समनला श्वास घ्यायला फुरसत नसते. डेमो फोनचा ब्राइटनेस बहुधा कमाल करून ठेवलेला असतो. आधी दोन्हींचा ऑटोवर टाका. मग दाराशी जाऊन उन्हात धरायची परवानगी मागा. कागदावर आयफोन १५ ची उन्हातली कमाल २००० निट्स (उजेडाचं माप), एस२४ ची २६००. फलाटावर रणरणत्या उन्हात क्यूआर कोड दाखवताना एवढा फरक जाणवतो का, ते तुमच्याच डोळ्यांना ठरवू द्या.

स्क्रीन सेकंदाला किती वेळा ताजी होते, तो आकडा आयफोनचा ६०, एस२४ चा १२०. दोन्हींवर एकच लांबलचक मराठी बातमी उघडा आणि अंगठ्याने भराभर सरकवा. काहींना फरक लगेच दिसतो, काहींना दाखवूनही दिसत नाही. दिसत नसेल तर त्यासाठी पैसे मोजू नका.

आता टायपिंग. मराठी कीबोर्ड लावून ‘दुसऱ्या कुऱ्हाडीचा दांडा, ज्ञानोबा, शाळा’ एवढं लिहून बघा. ऱ, ज्ञ आणि ळ साठी किती वेळा बोट अडतं ते मोजा. दिवसभर व्हॉट्सॲपवर मराठीत लिहिणाऱ्याला हे कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग बॅग खांद्यावर अडकवा, एक हात वर हँडल धरल्यासारखा ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने स्क्रीनचा वरचा कोपरा गाठा. दुकानातली माणसं बघतील, बघू दे. सकाळी ८:४० ची फास्ट लोकल हीच परीक्षा घेणार आहे.

कॅमेऱ्यासाठी तीन फोटो पुरे : दुकानाच्या पार टोकाची पाटी, चालता माणूस आणि ट्यूबलाइटखाली स्वतःचा चेहरा. एस२४ ला ३ पट झूमची वेगळी लेन्स आहे, आयफोन १५ ला नाही. पाटीवरची अक्षरं मोठी करून बघितली की कळतं. चेहऱ्याच्या फोटोत कुठला फोन तुम्हाला न विचारता गोरं करतोय, तेही बघा.

पायरी ४ : पावसाचा विचार

टचस्क्रीन बोटाने होणारा विद्युतभारातला बदल ओळखते. पाण्याच्या थेंबानेही तो भार बदलतो, म्हणून पावसात रिक्षावाल्याला पैसे देताना भलताच आकडा दाबला जातो. रुमाल ओला करून बोट त्यावर टेकवा आणि दोन्ही फोनांवर नंबर डायल करून बघा. आयपी६८ हा पाणी-धुळीपासून बचावाचा दर्जा दोन्हींना आहे : आयफोन १५ ला ६ मीटर, एस२४ ला १.५ मीटर, दोन्ही अर्ध्या तासासाठी. पण ही चाचणी गोड्या पाण्यातली. विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर कमरेएवढ्या पाण्यात शिरणाऱ्यांनी या आकड्यांवर विसंबू नये. पाणी शिरलेला फोन साध्या वॉरंटीत बसत नाही.

पायरी ५ : रेंज

या जोडीत अडचण नाही, पण स्वस्तातल्या दोन फोनांची तुलना असेल तर ५जीचे बँड, म्हणजे फोन पकडतो ते लहरींचे पट्टे, बघाच. जिओ एन२८ आणि एन७८ वापरतं, एअरटेलचा भर एन७८ वर. एन२८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्‌झ; ती लहर भिंतीआड जास्त पोचते. जिओचं सिम असेल आणि घर जाड भिंतींच्या जुन्या इमारतीत असेल, तर एन२८ नसलेला फोन बाजूला ठेवा.

पायरी ६ : खरी किंमत आणि बिल

दोन्हींच्या खोक्यात केबल मिळते, चार्जर नाही. चार्जर, कव्हर, काच धरून बेरीज करा; त्यातून जुन्या फोनचे आणि कार्डाच्या ऑफरचे पैसे वजा करा. १८ टक्के जीएसटी छापील किमतीत धरलेलाच असतो. लॅमिंग्टन रोडला किंवा मनीष मार्केटला कोणी ‘बिलाशिवाय घ्या, कमी करतो’ म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. पैसे देण्याआधी फोन काउंटरवरच चालू करा, *#०६# दाबा, आणि दिसणारा आयएमईआय (फोनचा ओळख-क्रमांक) खोक्यावर व बिलावर तोच आहे ना ते अंक-अंक ताडून बघा. मग इंग्रजी कॅपिटल अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून तो १५ अंकी नंबर, असा एसएमएस १४४२२ ला पाठवा. उत्तरात तुमच्याच मॉडेलचं नाव आलं की कार्ड पुढे करा.